वास येणारा गृहस्थ

जाहिरातीत काम करणं माझ्या स्वभावात नाही. मुळात काम करणंच स्वभावात नाही असं आमची ही म्हणते, पण तो वेगळा विषय आहे. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. पोरं ज्या पुस्तकांवर डोकं ठेवून झोपतात, त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ मी जागं राहून तपासलेले असतात. अशा माणसाचा चेहरा एक दिवस पुरुषांच्या सुगंधी फवाऱ्याच्या जाहिरातीत झळकेल असं भाकीत कुणी केलं असतं, तर त्यातला ‘की’ दीर्घ आहे ना एवढं पाहून मी ते परत केलं असतं.

ही सगळी कृपा माझ्या मेव्हण्याची. तो जाहिराती बनवतो. एका सकाळी त्याचा हिला फोन आला, बहीण-भाऊ बराच वेळ कुजबुजले, आणि मग ही मला म्हणाली, "अहो, त्याचा एक नट ऐनवेळी पळालाय. तुम्ही जाता का? नुसतं लिफ्टमध्ये उभं राहायचंय." उभं राहणं मला जमतं. मी गेलो.

स्टुडिओत लाकडाची खोटी लिफ्ट उभारली होती. तिच्यात मी, आणखी काही माणसं, आणि एक तरुण नायक, ज्याच्या जबड्याला कोपरे होते. पडद्यावर धुकं दिसावं म्हणून दर वेळी एक जण येऊन आत बाटल्याच्या बाटल्या फवारून जाई. की लगेच बाकीची मंडळी खोकायची, शिंकायची, नाकं दाबायची. मी मात्र जागचा हललो नाही. "वा भावोजी!" मेव्हणा ओरडला, "माणूस आहात की खांब!" मला हे आवडलं. मी विचारलं, "माझी भूमिका नक्की काय आहे रे?" तो म्हणाला, "सगळे तुमच्याकडे बघतात." यापुढे तो काहीतरी बोलणार होता, पण ते त्याने गिळलं. निघताना त्याने त्या फवाऱ्याच्या बाटल्यांचं एक खोकंच माझ्या हातात दिलं.

माझ्या मते मी एका भारदस्त, यशस्वी गृहस्थाचं काम केलं होतं. म्हणून जाहिरात लागायच्या दिवशी मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना चहाला बोलावलं. माझ्या हातून झालेली ही पहिली चूक. पुढच्या चुका याच चुकीच्या पोटी जन्मल्या.

जाहिरात लागली. लिफ्टचं दार उघडतं. एका कोपऱ्यात मी, एकटा. बाकी सगळे समोरच्या भिंतीला चिकटलेले, नाकं दाबून, एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. फवाऱ्याने आलेला तो खरा खोकला मेव्हण्याने असा काही कापून जोडला होता, की तो सगळा माझ्या नावावर जमा झाला होता. मग नायक आत शिरतो, आणि भिंतीला चिकटलेली माणसं त्याच्याकडे ओढली जातात. एक घोगरा आवाज विचारतो, "तुम्ही आधी येता, की तुमचा वास?" यातल्या ‘वास’ या शब्दावर माझा चेहरा. पूर्ण पडदाभर. शांत आणि भारदस्त.

"चेहरा स्वच्छ आलाय हो," काकू शेवटी म्हणाल्या. सेक्रेटरींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि आपण हल्ली जिन्यानेच जातो, तब्येतीला बरं असतं, असं सांगून ते निघाले.

मी मेव्हण्याला फोन लावला. "अरे, जगात एवढी माणसं असताना मीच का?"

"अहो भावोजी, ताईनेच तुमचं नाव सुचवलं. मला कसा माणूस हवाय एवढंच मी तिला सांगितलं. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, मग ह्यांनाच ने."

"कसा माणूस हवा होता तुला?"

पण तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. त्यानंतर त्याने माझा फोन उचललाच नाही.

मी घाबरलो. उगाच मोठेपणा कशाला? लोकांनी हसावं, त्याची मला सवय आहे. छापखान्यात तरुण पोरं माझ्या चष्म्यालाही हसतात. पण क्षणाचाही विचार न करता? म्हणजे जिच्याबरोबर मी निम्मं आयुष्य काढलं, ती बाई इतकी वर्षं श्वास रोखून माझ्याशेजारी झोपत होती? आणि कधी एका शब्दाने बोलली नाही?

मग मला जे जे आठवू लागलं, त्याने माझी झोप उडाली. माझा सदरा मला देण्याआधी ती तो हुंगते. मी दुधाचं पातेलं हातात घेतलं की ती ते काढून घेते. मी स्वयंपाकघरात शेगडीजवळ गेलो, की कितीही कामात असली तरी धावत येते आणि म्हणते, "तुम्ही बाहेर बसा बघू." इतकी वर्षं हे मी प्रेमात जमा करत होतो. आता एकेक गोष्ट निराळीच दिसू लागली. तिला सरळ विचारावं असं रोज ठरवायचो, पण तिच्यासमोर उभं राहिलं की विचारायचो, "आज भाजी कसली आहे?" ती ‘हो’ म्हणाली तर काय करायचं? कुठे जाणार होतो मी? आणि जाईन तिथेही स्वतःला घेऊनच जावं लागणार.

इकडे जाहिरात गावभर झाली. आमची कन्या फोनवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवू लागली. "बाबा, ऐका ना. ‘ह्या काकांचा वास आमच्या टीव्हीतून बाहेर आला, आम्ही खिडक्या उघडल्या.’ आणि हे, ‘हिरो कोण बघतंय, लिफ्टकाका झिंदाबाद.’ आणि हे, ‘म्हतारा मेलाय का बघा आधी.’"

"दाखव बरं," मी म्हटलं. ‘म्हातारा’मधला काना खाल्ला होता. माझ्यातला मुद्रितशोधक गप्प बसेना. मी टोपणनावाने खाली लिहिलं: ‘कृपया म्हातारा असे लिहावे. तसेच सदर गृहस्थांना प्रत्यक्षात वास येत नाही, हे मी जवळून सांगू शकतो.’ झालं. त्यावर लोक तुटून पडले. एकाने लिहिलं, ‘इतक्या जवळ राहिल्यावर तुझं नाक गेलंय मित्रा.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘सदर गृहस्थ स्वतःच आलेले दिसतात, वासावरून ओळखलं.’ लिहिणारे सगळे हसत होते, आणि मी मात्र एकेक वाक्य साक्षीदाराच्या जबानीसारखं वाचत होतो. एवढ्या लोकांना वाटतंय म्हणजे काहीतरी असणारच, अशी माझी खात्री होत चालली.

उपाय घरातच होता. ते खोकं मी फोडलं. एक बाटली घेतली, सदऱ्यावर फवारली, हुंगलं. काहीच कळेना. फारच सौम्य दिसतोय, असं म्हणून आणखी फवारली. तरी काही नाही. मी मनात मेव्हण्याला शिव्या दिल्या, हलका माल दिला म्हणून, आणि निम्मी बाटली अंगावर रिकामी केली. मग रोज घरून निघालो की जिन्याखाली उभं राहून चोरून फवारायचो, छापखान्यात पोचलो की पुन्हा, आणि घरी परतताना, हिच्या सामोरं जायचं म्हणून, जरा जास्तच.

आणि आता खरोखर लोक लांब सरकू लागले! लिफ्टचं दार उघडायचं, आतले लोक मला बघायचे, आणि एखादा रुमाल नाकाशी जायचा. एकदा एक बाई मधल्याच मजल्यावर उतरल्या आणि "राहिलं काहीतरी" असं पुटपुटत जिन्याने वर गेल्या. छापखान्यात माझ्या टेबलाशेजारी अक्षरजुळणी करणारा जुळारी खिडकीकडे तोंड करून बसू लागला. घरी हिने भर थंडीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि माझ्याकडे अशा काळजीने बघू लागली, की मला धडकीच भरली. एवढं फवारूनही जो वास झाकला जात नाही, तो मूळचा कसा असेल! मी आणखी फवारू लागलो. दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवून चालायची सवय लागली. पंख्याखाली बसेनासा झालो. वारा कुठून कुठे वाहतोय हे बघून रस्त्याची बाजू बदलू लागलो.

शेवटी छापखान्याच्या साहेबांनी मला आत बोलावलं. आधी स्वतः उठून खिडकी उघडली आणि मग म्हणाले, "हे बघा, माझं काही म्हणणं नाही. पण स्टाफमध्ये कुजबुज आहे. तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." बोलताना ते एक डोळा पुसत होते. माझ्यासाठी साहेबांच्या डोळ्यांत पाणी यावं, या विचाराने मी आणखीच खचलो.

इस्पितळात खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "तक्रार काय?"

मी काचेच्या भोकाला तोंड लावून हळूच म्हटलं, "वास."

"वासाचं काय?" त्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "येतो की येत नाही?"

"तेच तर तपासायचंय."

"मग नाक-कान-घसा. सरळ जाऊन डावीकडे."

मला हे पटलं. वास आहे की नाही हे ठरवायचं, तर ते नाकाच्या माणसानेच ठरवायला हवं. डॉक्टर वयस्क आणि शांत होते. माझ्याकडे बघून त्यांनी तोंडावर पट्टी बांधली.

"तुम्हाला वास येतो का?"

"लोक म्हणतात."

"लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मला तर वाटतं, नाही येत."

"कधीपासून?"

हा प्रश्न जरा विचित्र वाटला, पण डॉक्टरांना उलट विचारू नये, म्हणून मी म्हटलं, "पहिल्यापासूनच." त्यांनी काही छोट्या बाटल्या काढल्या आणि एकेक माझ्या नाकाखाली धरली. "कसला वास येतो?" "कसलाच नाही," मी म्हटलं. तुलनेसाठी आधी कोऱ्या बाटल्या हुंगवून घेण्याची पद्धत असेल, असं मी मनाशी ठरवलं. शेवटच्या बाटलीने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण वास म्हणाल तर नाही. डॉक्टरांनी बाटल्या कपाटात ठेवल्या, खुर्चीत मागे टेकले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काका, तुम्हाला वास येत नाही. अजिबात येत नाही."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. "डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू!"

ते थोडे गोंधळले. "घरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?"

"घरच्यांनाच तर वाटतं की येतो म्हणून!"

"हे बघा, फार उशीर झालाय. आता काही करता येईल असं वाटत नाही."

"करायचंय काय आता!" मी म्हणालो.

"बरं. पण गॅसचं तेवढं सांभाळा."

"छे छे, तो त्रास मला कधीच नव्हता," असं सांगून मी बाहेर पडलो. कितीतरी दिवसांनी मोकळे हात हलवत चाललो. मग धीर आला म्हणून, आनंदाच्या भरात, आणखी थोडं फवारलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीची बैठक होती. विषय पाण्याच्या टाकीचा होता, पण मी उभा राहिलो. "एक निवेदन करायचंय. मी आज मोठ्या डॉक्टरांकडून तपासून आलो. त्यांनी स्वच्छ सांगितलंय की मला वास येत नाही."

"अहो, तुम्हाला येत नाही हो," सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "आम्हाला येतो, त्याचं काय?"

सगळी बैठक हसली. मी हट्टाला पेटलो, तेव्हा सेक्रेटरींनी नियमाप्रमाणे तीन सभासदांची समिती नेमली. समितीने माझ्याबरोबर लिफ्टमधून एकदा वर आणि एकदा खाली जायचं आणि मत द्यायचं. लिफ्टमध्ये मी कोपऱ्यात हात वर करून उभा राहिलो. आपला निकाल तीन नाकांवर अवलंबून आहे हा अनुभव शत्रूलाही येऊ नये. खाली आल्यावर निवृत्त मास्तर म्हणाले, "येतो. सहन होत नाही इतका येतो." सेक्रेटरी म्हणाले, "येतो, पण तो माणसाचा वाटत नाही." तिसऱ्या होत्या वरच्या काकू. त्यांना सर्दी झाली होती. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही हे साऱ्या गावाला विचारत सुटलात. घरी विचारलंत का?"

घरी आलो. ही दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालत होती. कन्या शिकवणीला गेली होती. दाराच्या चौकटीला धरून मी उभा राहिलो आणि एका दमात म्हणून टाकलं, "खरं सांग. माझी शपथ आहे. मला वास येतो का?"

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही. येत नाही." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग रडतेस कशाला? ही तर आनंदाची गोष्ट आहे!"

"आनंदाची?" ती म्हणाली. "मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून धीर होईना. तो मोठा ताप आला होता ना तुम्हाला, तेव्हापासून नाही येत."

"तापापासून? म्हणजे त्याआधी येत होता?"

"हो तर. चांगला येत होता."

मी मटकन खाली बसलो. "चांगला येत होता? लग्नापासून? आणि तू गप्प राहिलीस?"

"त्यात बोलायचं काय? सगळ्यांनाच येतो की हो! मला येतो, लेकीला येतो."

"लेकीलासुद्धा?"

आता तिच्या चेहऱ्यावरची काळजी वाढली. ती माझ्यासमोर बसली आणि आजारी माणसाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागली. "अहो, दूध नासलं तरी तुम्हाला कळत नाही. सदरा कुबट असला तरी तसाच घालून निघता. मागे एकदा तुम्ही चहा करायला गेलात, गॅस सुरू केलात आणि पेटवायचा विसरलात. सगळं घर वासाने भरलं होतं, आणि तुम्ही त्यातच पेपर वाचत बसला होतात. मी न्हाणीघरातून तशीच धावत आले. त्या दिवसापासून मी तुम्हाला शेगडीजवळ जाऊ देत नाही. माझ्या भावाने त्या दिवशी फोनवर सांगितलं, ताई, फवाऱ्याने सगळे नट शिंकतायत, एक तर पळून गेला, वास न येणारा कुणी आहे का? मी म्हटलं, मग ह्यांनाच ने. ह्यांना येतच नाही."

आयुष्यभर लोकांच्या वाक्यांतले घोटाळे काढणाऱ्या माणसाला एवढासा ‘मला’ कळला नव्हता. ज्याच्या नाकात वास शिरतो तोही ‘मला’, आणि ज्याच्या अंगातून निघतो तोही ‘मला’. डॉक्टर बिचारे एका ‘तुम्हाला’शी बोलत होते आणि मी दुसऱ्याच ‘तुम्हाला’तून उत्तरं देत होतो. मला हसू यायला हवं होतं, पण आली ती भीती, आणि ती आधीच्या सगळ्या भीतीपेक्षा थंड होती. भरलेल्या गॅसमध्ये मी पेपर वाचत होतो, कन्या तेव्हा शेजारच्या खोलीत झोपली असेल, आणि मला काहीही, काहीही कळलं नव्हतं.

"पण तुला कसं कळलं?" मी विचारलं. "मला स्वतःलाच कळलं नव्हतं."

"मी नवं अत्तर लावून आले होते. तुम्ही म्हणालात, छान. मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मनगटाला फरशी पुसायचं फिनेल लावून आले. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, वा, छान."

मी मान खाली घातली. मग तो उरलेला प्रश्न, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं होतं, तो चाचरत विचारला. "आणि माझ्या अंगाला? म्हणजे माझा?"

"सध्या घरात जिवंत राहणं कठीण झालंय इतका येतोय. मला वाटलं, जाहिरातीमुळे तुमच्या मनाला लागलंय, म्हणून बोलले नाही. डोळे चुरचुरतात माझे."

"आणि त्याच्याखाली? मूळचा?"

"आता कसं सांगू? आधी आंघोळ करून या."

मी गेलो. इतकं अंग घासलं की कातडी लाल झाली. बाहेर आलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो, निकालाच्या दिवशी पोर उभं राहतं तसा. ती जवळ आली, तिने माझ्या मानेपाशी नाक नेलं आणि सावकाश श्वास घेतला. मी माझा रोखून धरला होता.

"हं," ती म्हणाली. "आलात."

एवढंच. चांगला की वाईट, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. मग तिने आपलं मनगट माझ्या नाकापुढे धरलं. "आणि हा? खरं सांगायचं."

मी डोळे मिटले आणि मिळेल तेवढा श्वास आत ओढला. ‘छान’ अगदी ओठांवर आलं होतं. ते मागे लोटलं. "काही येत नाही गं," मी म्हटलं.

"बरोबर," ती म्हणाली. "आज काही लावलेलंच नाहीये."

तरी मी ते मनगट बराच वेळ सोडलं नाही.